इंजिन बंद करण्यापूर्वीची तीन मिनिटे

आजचे युग हे यंत्रयुग आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधांतून लिहीत आलो आहोत. परंतु ज्या यंत्रांच्या बळावर हे युग चालले आहे, त्यांच्या पोटात काय घडते याची विचारपूस आपण कला शाखेचे विद्यार्थी सहसा करीत नाही. एस.टी.त बसावे, घाट आला की खिडकीबाहेर पाहावे आणि गाडी थांबली की चहाला उतरावे, इतकाच आपला यंत्राशी संबंध! तेव्हा वार्षिकांकाच्या या पानांवर कविता आणि कथा यांच्या शेजारी एका इंजिनाची हकीकत आलेली पाहून कोणास नवल वाटले, तर ते साहजिकच आहे. मात्र विषय दिसतो तितका परका नाही, हे वाचकांना लेखाच्या अखेरीस पटेल अशी आशा आहे.

घाट चढून आलेला मालट्रक माथ्यावरच्या हॉटेलापाशी थांबतो, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. काही चालक गाडी उभी करताच किल्ली फिरवतात आणि खाली उतरतात. काही मात्र गाडी उभी केल्यावरही इंजिन तसेच मंद गतीने धडधडत ठेवतात, दोन-तीन मिनिटे जाऊ देतात आणि मगच ते बंद करतात. पाहणाऱ्यास वाटावे, हा दुसरा गृहस्थ डिझेल फुकट जाळीत आहे. वस्तुतः तो आपल्या गाडीचा एक महागडा आणि नाजूक भाग वाचवीत असतो. तो भाग म्हणजे टर्बोचार्जर, अर्थात चालकांच्या भाषेतला ‘टर्बो’. ही दोन-तीन मिनिटे कशासाठी, ती केव्हा आवश्यक असतात आणि केव्हा नसतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनाला इंधन लागते हे सर्वांस ठाऊक असते. त्याला हवा किती लागते हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. एक किलो डिझेल पूर्णपणे जाळावयाचे तर सुमारे चौदा ते पंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची आहे. सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल तितकेच इंधन नीट जळणार आणि तितकीच शक्ती मिळणार. अधिक शक्ती हवी असेल तर दोन मार्ग उरतात. एक तर इंजिनच मोठे करावयाचे, नाही तर आहे त्याच इंजिनात हवा दाबून भरावयाची.

टर्बो हा दुसरा मार्ग होय. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. एका आखूड दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे बसवलेले असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका पंख्यावरून जातो आणि त्याला फिरवतो, हे टर्बाइन. दांडा एकच असल्यामुळे दुसरा पंखाही त्याच वेगाने फिरतो, बाहेरची हवा ओढतो आणि ती दाबून इंजिनात ढकलतो; हा कॉम्प्रेसर. जो धूर एरवी सायलेन्सरवाटे वाया जाणार, त्याच्याकडूनच हवा भरण्याचे काम करून घ्यावयाचे, अशी ही युक्ती आहे.

या पंख्यांचा वेग मात्र आपल्या कल्पनेपलीकडचा असतो. घरातील छताचा पंखा मिनिटाला सुमारे तीनशे फेरे घेतो. मालट्रकचे इंजिन भराने चालत असता दीड-दोन हजार फेरे घेते. त्याच वेळी त्याच्या टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेत असतो, आणि छोट्या मोटारींचे टर्बो तर दोन लाखांच्याही पुढे जातात.

थोडा इतिहास

ही कल्पना स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पण कल्पना सुचणे आणि ती धातूत उतरणे यांत फार अंतर असते. धुराची आच आणि हा प्रचंड वेग दोन्ही सोसतील असे धातू व अशी बेअरिंगे तेव्हा नव्हती. ब्यूखीच्या पद्धतीला खरे यश मिळण्यास १९२०चे दशक उजाडावे लागले. त्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर तिचा प्रयोग झाला आणि त्यांची शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी वाढली.

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमानांची एक निराळी अडचण पुढे आली होती. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने १९१८ साली एक विमानाचे इंजिन कोलोरॅडो राज्यातील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे ते ‘लिबर्टी’ इंजिन शिखरावर जेमतेम २३० वर आले. टर्बो जोडताच त्याच शिखरावर त्याने ३५० हून अधिक अश्वशक्ती दिली. विरळ हवेतही इंजिनाला पुरेसा श्वास देता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

रस्त्यावरच्या वाहनांत टर्बो आला तो त्यानंतर. १९५२ साली अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत कमिन्स कंपनीच्या टर्बो लावलेल्या डिझेल गाडीने पात्रता फेरीतून प्रारंभरेषेवरील पहिले स्थान पटकावले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र टायरांच्या घासलेल्या रबराचे कण ओढून तिच्या टर्बोचे तोंडच बुजले आणि तिला मध्येच बाहेर पडावे लागले. टर्बो जितका पराक्रमी तितकाच नाजूक, याचा तो जाहीर पुरावाच म्हणावयाचा. पुढे १९६२ साली याच कंपनीच्या सहयोगाने पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. भारतीय रेल्वेच्या ‘डब्ल्यूडीएम-२’ जातीच्या २,६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनांवरही टर्बो होता. वाराणसीच्या कारखान्यात त्यांची बांधणी १९६४ पासून सुरू झाली. आज तर मालट्रक, बस, ट्रॅक्टर, डिझेल मोटारी आणि कित्येक लहान पेट्रोल मोटारी यांतही टर्बो सर्रास आढळतो. तेव्हा हा विषय आता केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचाही तो आहे.

घाटाचे गणित

टर्बोला किती उष्णता सोसावी लागते याची कल्पना येण्यासाठी एक साधा हिशेब करू. खोपोलीहून लोणावळ्यास जाताना बोरघाटात रस्ता सुमारे ५५० मीटर चढतो. मालासह ३० टन वजनाचा ट्रक इतका उंच उचलावयाचा तर भौतिकशास्त्राच्या नियमाप्रमाणे सुमारे १६ कोटी ज्यूल ऊर्जा लागते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचे स्थूलमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकांच्या कामी येतो, दुसरा पाण्यावाटे रेडिएटरमध्ये जातो आणि तिसरा धुराबरोबर बाहेर पडतो. म्हणजे ट्रक उचलण्यास जितकी ऊर्जा खर्च झाली, जवळजवळ तितकीच उष्णता त्या एका चढणीत धुरावाटे निघून गेली. एवढ्या उष्णतेत सुमारे ५०० लिटर पाणी उकळू शकेल. दोनशे लिटरची अडीच पिंपे!

ही सारी उष्णता ज्या दारातून बाहेर पडते, त्या दारात टर्बाइन बसलेले असते. भराने चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर टर्बाइनपाशी सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पेट्रोल इंजिनाचा धूर तर नऊशे अंशांच्याही वर जातो. अंधाऱ्या रात्री अशा टर्बाइनचे बिडाचे कवच तांबूस झळाळताना दिसते, ते उगीच नव्हे.

आगीच्या शेजारी तेल

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एका टोकाला असा धगधगता पंखा आणि दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा ओढणारा पंखा. यांच्या मधोमध दांड्याला आधार देणारी बेअरिंगे असतात. लाख फेऱ्यांच्या वेगाला धातूवर धातू घासून चालणार नाही. म्हणून दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्ये इंजिन ऑइलचा एक अतिशय पातळ पडदा सतत राखावा लागतो. हा पडदा केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. दांडा बेअरिंगवर टेकलेला नसतो. तो या तेलावर तरंगत असतो, असे म्हटले तरी चालेल.

हे तेल दोन कामे करते. एक वंगणाचे आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे, उष्णता वाहून नेण्याचे. इंजिनाचा पंप दाबाने तेल पाठवतो, ते बेअरिंगांतून वाहते, वाटेत उष्णता उचलते आणि खाली इंजिनाच्या तळाशी जाऊन निवते. हा प्रवाह अखंड चालू आहे तोवर आगीच्या शेजारी राहूनही बेअरिंग सुरक्षित असते. वाहत्या ओढ्यात हात घातला तर पाणी गार लागते, साचलेल्या डबक्यातले तापते; तसेच हे आहे. सारी भिस्त वाहण्यावर आहे.

आणि हा प्रवाह इंजिनाच्याच पंपाने चालतो. इंजिन थांबले की पंप थांबतो, पंप थांबला की प्रवाह थांबतो. एक किल्ली फिरवली की आग आणि तेल दोन्ही एकदम बंद होतात, असे आपल्याला वाटते. खरी मेख येथेच आहे. आग विझते, पण उष्णता विझत नाही.

किल्ली फिरवल्यानंतर

गॅस बंद केल्यावरही तव्यावर राहिलेली भाकरी करपते, हे घरोघरचे ज्ञान आहे. ज्वाला गेली तरी तव्यात साठलेली उष्णता काही एका क्षणात जात नाही. घाट चढून आलेल्या टर्बाइनचे कवच म्हणजे असाच जाड, बिडाचा, लालभडक तापलेला तवा आहे. इंजिन एकाएकी बंद केले की दोन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट गतीची. इंजिन थांबले तरी टर्बोचे पंखे लगेच थांबत नाहीत. मिळालेल्या वेगाच्या जोरावर ते काही काळ फिरतच राहतात. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिन बंद केल्यावर टर्बो किती वेळ फिरत राहतो हे घड्याळ लावून पाहतात आणि त्यावरून बेअरिंगांच्या प्रकृतीचा अंदाज घेतात. मंद गतीवरून बंद केलेल्या इंजिनात हे फिरणे निरुपद्रवी असते. परंतु पूर्ण वेगात असतानाच तेलाचा पुरवठा तोडला, तर उरलेले हजारो फेरे त्या दांड्याला जवळजवळ कोरड्या बेअरिंगांत घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि ती अधिक घातक. कवचात व पंख्यात साठलेली उष्णता आता दांड्यावाटे हळूहळू बेअरिंगांकडे सरकू लागते. पूर्वी तिला वाहून नेणारे तेल आता जागच्या जागी साचलेले असते. त्यामुळे बेअरिंगांचे तापमान इंजिन बंद होताक्षणी नव्हे, तर बंद झाल्यानंतर काही मिनिटांनी सर्वांत अधिक होते! चालक चहाचा पहिला घोट घेत असतो, तेव्हा त्याच्या गाडीत हा प्रकार चाललेला असतो. सुमारे अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे साधे खनिज तेल टिकत नाही. त्यातील हलके अंश उडून जातात आणि मागे चिकट काळा थर उरतो. तो पुढे करपून कोळशासारखा कठीण होतो. फोडणीचे तेल कढईच्या कडेला जळून बसते आणि मग घासूनही निघत नाही, त्याचाच हा भाऊ समजावा.

एकदा असे घडल्याने टर्बो मोडत नाही. म्हणूनच ही सवय फसवी आहे. प्रत्येक वेळी एक नकळत थर साचतो. तेलाची आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते. तेल कमी पोहोचते, म्हणून बेअरिंग अधिक तापते. अधिक तापते, म्हणून तेल अधिक करपते. या दुष्टचक्रात एके दिवशी दांडा डगमगू लागतो, पंख्याची पाती कवचाला घासतात, तेल अडवणाऱ्या कड्या झिजतात. मग तेल धुरात मिसळून सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो, आणि गाडीची ओढ कमी होते. क्वचित प्रसंगी डिझेल इंजिनात हे गळके तेल हवेबरोबर आत जाऊन इंधनासारखे जळू लागते. अशा वेळी किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही. स्वतःचेच तेल पिऊन ते बेफाम वेगाने फिरत राहते. चालकाच्या जिवावर बेतणारा हा प्रकार होय.

माझे मामा गेली कित्येक वर्षे कोल्हापूर-मुंबई मार्गावर स्वतःचा ट्रक चालवतात. मध्यंतरी आजारपणामुळे त्यांना काही महिने बदली चालक ठेवावा लागला. त्या चालकास गाडी बंद करण्यापूर्वी एक जोराची रेस देण्याची सवय होती. वर्ष संपण्याच्या आत निळा धूर सुरू झाला. मिस्त्रींनी टर्बो उतरवून दाखवला, तेव्हा तेलाची वाट काळ्या खरपुडीने निम्मी बुजलेली होती. नव्या टर्बोपायी कित्येक खेपांची कमाई गेली, आणि गाडी उभी राहिली ते दिवस निराळेच. एका गाडीवर ज्यांचे घर चालते त्यांना अशा खर्चाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

शेवटची रेस देऊन गाडी बंद करण्याची ही पद्धत आपल्याकडे बरीच रूढ आहे. तिच्यामागे काही तरी फायदा असावा असे पुष्कळांना वाटते. टर्बो असलेल्या इंजिनाच्या बाबतीत मात्र तिच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. कारण मंद झालेला टर्बो त्या रेसने पुन्हा वेग घेतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्याचे तेल तोडतो.

चालू ठेवून थंड कसे होते?

येथे एक शंका साहजिक आहे. इंजिन चालू म्हणजे आग चालू. मग ते चालू ठेवल्याने टर्बो थंड कसा होणार?

याचे उत्तर इंजिनावरील भारात आहे. गाडी उभी असताना इंजिनाला स्वतःला फिरते ठेवण्यापुरतेच इंधन लागते. डिझेल इंजिन तर अशा वेळीही हवा भरपूर ओढते, पण इंधन अगदी थोडे जाळते. परिणामी, घाटात सहाशे-सातशे अंशांवर असलेला धूर आता दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास येतो. तापलेल्या टर्बाइनच्या दृष्टीने हा धूर म्हणजे गार वाराच! तो कवचातली उष्णता बाहेर नेतो. त्याच वेळी तेलाचा पंप चालू असल्याने तेल बेअरिंगांतली उष्णता नेत राहते, रेडिएटरचे पाणी इंजिनाचा बाकीचा भाग निववते, आणि टर्बोचा वेगही लाखावरून पुष्कळच खाली उतरतो. थोडक्यात, गती आणि उष्णता दोन्ही ओसरेपर्यंत तेल चालू ठेवणे, एवढाच या तीन मिनिटांचा हेतू आहे.

मामांना मी हीच शंका विचारली होती. ते म्हणाले, “अरे, शर्यत पळून आलेला बैल लगेच दावणीला बांधतात का? आधी जरा फिरवायचा. त्याचा दम उतरला की मग बांधायचा.” भौतिकशास्त्राच्या परीक्षेत या उत्तराला किती गुण मिळतील हे सांगता येत नाही, परंतु आचरणाच्या दृष्टीने ते शंभर टक्के बरोबर आहे.

नियम आणि नियमाचे कारण

आता दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. नियम एकदा पाठ झाला की माणूस त्याचे कर्मकांड करून टाकतो. ‘टर्बोची गाडी आहे, थांबल्यावर इंजिन चालू ठेवावे’ एवढेच ज्याने ऐकले तो बाजारातून दूध आणून आला तरी दारात पाच मिनिटे इंजिन धडधडत ठेवील, आणि कोणी विचारल्यास अभिमानाने टर्बोचे नाव सांगेल. याची मुळीच गरज नाही. गावातल्या गावात हळू चालवलेल्या गाडीचा टर्बो तापलेलाच नसतो. शेवटचा किलोमीटरभर रस्ता शांतपणे चालवला, तर टर्बो वाटेतच निवलेला असतो. रांगेत उभे राहून, गल्लीबोळांतून वळणे घेऊन जागा शोधेपर्यंत बहुतेक वेळा हे काम आपोआप होऊन जाते.

उलट, कारण नसता इंजिन तासन्‌तास मंद गतीवर ठेवणेही अपायकारकच आहे. इंधन वाया जाते, धुराने शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्रास होतो, इंजिन पुरेसे न तापल्यामुळे डिझेल अर्धवट जळून काजळी साचते, आणि टर्बोतील दाब कमी असल्याने कड्यांवाटे तेल पाझरू लागते. बंद गॅरेजमध्ये तर हे जीवघेणे ठरू शकते, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो.

म्हणजे एकाच गाडीला एके ठिकाणी तीन मिनिटे हवीत आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धे मिनिटही नको. हे कोणी ठरवावे? ज्याला नियमाचे कारण ठाऊक आहे त्यानेच. जो केवळ नियम जाणतो तो एक तर सर्वत्र पाळतो, नाही तर कंटाळून सर्वत्र सोडून देतो. आपण इतिहासात व समाजशास्त्रात रूढींचा अभ्यास करतो, तेव्हा हीच गोष्ट आढळते. पुष्कळशा रूढींच्या मुळाशी कधी काळी एखादे कारण असते. कारण विसरले जाते आणि कृती तेवढी उरते. इंजिनाच्या बाबतीत हा विसर पडल्यास त्याची किंमत रोख मोजावी लागते, इतकाच फरक.

यंत्रानेच लक्षात ठेवावे का?

माणसाच्या सवयीवर यंत्राने किती विसंबावे, हा प्रश्न अभियंत्यांनाही फार पूर्वीच पडला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ नावाची टर्बो असलेली मोटार बाजारात आणली. तिचे इंजिन सुखरूप राहावे म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथॅनॉल यांचे एक मिश्रण निराळ्या टाकीत भरावे लागे. कित्येक मालक ते भरण्यास विसरत. टाकी रिकामी झाल्यास गाडी मंद चाले आणि मालक तक्रार करीत. दोन वर्षांतच ही मोटार बंद झाली. युक्ती वाईट नव्हती. पण ती मालकाच्या स्मरणशक्तीवर उभी होती.

टर्बो थंड करण्याच्या बाबतीतही हेच झाले. १९८०च्या दशकात टर्बोच्या मोटारी सामान्य लोकांच्या हाती आल्या आणि करपलेल्या तेलाच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा अनेक उत्पादकांनी टर्बोच्या मधल्या भागाभोवती पाणी फिरवण्याची सोय केली. यातील खुबी अशी की, इंजिन बंद झाल्यावरही तापलेले पाणी वर चढते व गार पाणी त्याची जागा घेते; त्यामुळे पंपाशिवायही काही वेळ पाणी फिरत राहते. अलीकडच्या कित्येक मोटारींत तर गाडी बंद केल्यावर विजेचा छोटा पंप आपण होऊन काही मिनिटे पाणी फिरवतो. जपानमध्ये ‘टर्बो टायमर’ नावाचे उपकरण लोकप्रिय झाले. किल्ली काढून घेतली तरी ते ठरलेल्या वेळेपर्यंत इंजिन चालू ठेवते. कृत्रिम रीतीने तयार केलेली सिंथेटिक तेलेही आली, ती खनिज तेलाहून अधिक आच सोसतात. म्हणूनच सिग्नलपाशी आपोआप बंद होणारी इंजिने टर्बो असूनही आज टिकाव धरतात.

तथापि यामुळे जबाबदारी संपली असे समजू नये. पाण्याची सोय सर्वच टर्बोंना नसते. मालट्रक, ट्रॅक्टर आणि जुनी वाहने यांतील पुष्कळ टर्बो आजही केवळ तेलावर भिस्त ठेवून असतात. आणि जेथे सोय आहे तेथेही घाटमाथ्यावर एखादे मिनिट थांबल्याने काहीच बिघडत नाही.

काही व्यवहार्य सूचना

वरील विवेचनातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे सांगता येईल.

१) घाट, जड ओझे किंवा दीर्घकाळ भरधाव प्रवास यानंतर मालट्रक, बस व ट्रॅक्टर यांचे इंजिन सुमारे तीन ते पाच मिनिटे मंद गतीवर चालू ठेवून मग बंद करावे. लहान मोटारीला अशा वेळी एक-दोन मिनिटे पुरतात. साध्या, संथ प्रवासानंतर वेगळे थांबण्याचे कारण नाही. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत निराळे सांगितले असेल तर तेच प्रमाण मानावे.

२) शक्य तेथे शेवटचा किलोमीटर सावकाश चालवावा. हा उपाय सर्वांत स्वस्त.

३) बंद करण्यापूर्वी रेस देऊ नये.

४) सुरू करतानाही घाई नको. तेल टर्बोपर्यंत पोहोचण्यास काही क्षण लागतात. थंडीत आणि गाडी बरेच दिवस उभी असल्यास अधिक. तेवढा वेळ ॲक्सिलरेटरला हात अथवा पाय लावू नये.

५) पूर्ण भारावर चालत असता इंजिन अचानक बंद पडले, उदाहरणार्थ उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर बंद पडला, तर दुसरा काही बिघाड नसल्याची खात्री करून ते लगेच पुन्हा सुरू करावे आणि काही मिनिटे मंद गतीवर ठेवावे. तापलेला टर्बो तेलाविना सोडून देऊ नये.

६) ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या प्रतीचे ऑइल बदलावे आणि हवेची जाळी स्वच्छ ठेवावी. मळलेले तेल लवकर करपते. आणि लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्याला धुळीचा खडाही बंदुकीच्या गोळीसारखा लागतो.

समारोप

एका लहानशा सवयीसाठी एवढे पान खर्ची घालण्याचे कारण एकच. आपल्यापैकी बहुतेकजण पुढे अभियंते होणार नाहीत. परंतु यंत्रे मात्र आपण सारेच वापरणार आहोत. काहीजणांच्या घरी शेतीचा ट्रॅक्टर असेल, काहींच्या घरी भाड्याची गाडी. यंत्राचा सगळा तपशील आपल्याला समजला पाहिजे असे नाही. पण ‘असे करा’ म्हणून कोणी सांगितले तर ‘का?’ असे विचारण्याची आणि उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ न बसण्याची सवय ही काही एकट्या विज्ञान शाखेची मिरास नव्हे.

थांबणे ही एका क्षणाची क्रिया आहे असे आपण समजतो. टर्बोच्या दृष्टीने ती काही मिनिटांची क्रिया आहे, आणि त्या मिनिटांत तेल वाहते ठेवणे हे चालकाचे काम आहे. यापुढे घाटमाथ्यावर एखादा ट्रक उभ्याउभ्या धडधडत असलेला दिसला, तर त्याच्या चालकास उधळ्या म्हणण्यापूर्वी आपण घड्याळाकडे पाहावे. तीन मिनिटांनी त्याने किल्ली फिरवली, तर तो आपल्या यंत्राला ओळखणारा माणूस आहे असे खुशाल समजावे. अर्धा तास होऊनही तो चालूच राहिला, तर मात्र त्याला हा अंक वाचावयास द्यावा!